कानातले बोळे आणि कशेडीतल्या तीन हाका

माझं काम ऐकून लोक आधी हसतात. मोटारसायकल चालवायची, हेल्मेटमध्ये स्पीकर बसवायचा, आणि तो स्पीकर नीट ऐकू यावा म्हणून दोन्ही कानांत बोळे घालायचे. माझे एक मेहुणे म्हणाले होते, "म्हणजे दाराला कडी घालून पाहुण्याला आत या म्हणायचं." तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आता निवृत्त होऊन बिरवाडीत घरी बसलो आहे आणि दिवाळीच्या या अंकात पानंही मिळाली आहेत, तेव्हा सावकाश उत्तर देतो. उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. दुसरा मी आजवर घरातही सांगितलेला नाही.

मी पायलट होतो. विमानाचा नव्हे, ट्रेलरचा. नव्वदनंतरच्या वर्षांत महाडच्या औद्योगिक वसाहतीत नवे कारखाने उभे राहत होते, कशेडी घाटापलीकडे खेडच्या बाजूलाही. त्यांची अवजड यंत्रं बंदरावर उतरायची आणि लांबलचक ट्रेलरवर लादून मुंबई-गोवा रस्त्याने यायची. कधी एसटीच्या दुप्पट लांबीचा पोलादी ढोल, कधी अर्धा रस्ता व्यापणारं धूड. असा ट्रेलर एकटा चालत नाही. त्याच्या पुढे एक माणूस लागतो, जो दोन-तीन वळणं आधी जाऊन पाहतो की विजेची तार लोंबते आहे का, पुलाचा कठडा आडवा येतो का, समोरून कोणी येतं आहे का. तो माणूस मी. माझ्या कमरेला एक वॉकीटॉकी, ड्रायव्हरच्या समोर दुसरा. त्याला आम्ही नुसतं 'सेट' म्हणायचो.

सेट हातात धरून गाडी चालवता येत नाही, म्हणून महाडच्या बाजारपेठेतल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने मला हेल्मेटच्या अस्तरात चपटे स्पीकर बसवून दिले, हनुवटीपाशी माइक लावला आणि बोलायचं बटण हँडलला बांधलं. मी खूश झालो आणि पहिल्याच दिवशी तोंडावर आपटलो. गाडी साठच्या वेगात गेली की हेल्मेटमध्ये वारा असा काही घोंघावतो की स्पीकरमधून फक्त खरखर येते. आवाज वाढवावा तर शब्द फाटतात. संध्याकाळी घरी आलो की कानात रातकिडे ओरडत राहायचे आणि बायको काय विचारते ते कळायचं नाही. तिचं म्हणणं, ते मला आधीही कळत नव्हतं.

तोडगा एका कारखान्यात मिळाला. तिथे मोठ्या कॉम्प्रेसरपाशी काम करणारे लोक कानात पिवळे, मऊ, फोमचे बोळे घालायचे. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर ओढायचा, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. मी सहज दोन मागून घेतले आणि त्यावर हेल्मेट चढवलं. वारा जवळजवळ गेला. बोलणंही थोडं दबलं, पण ते कानाला लागूनच असल्यामुळे सेटची आवाजाची चावी जरा पिळली की शब्दन् शब्द स्वच्छ. बोळे सगळंच अडवतात, वारा जास्त आणि बोलणं कमी, एवढंच त्यातलं शास्त्र.

आमच्या मुंबईच्या ऑफिसातून सुरक्षा बघणारे एक साहेब आले, त्यांना हे पटेना. मी त्यांच्या हातात सेट दिला आणि म्हटलं, दासगावपासून महाडपर्यंत मी गाडी पळवतो, तुम्ही मागून जीपमधून वर्तमानपत्र वाचा. बोळे न घालता गेलो तेव्हा मला एक ओळ सांगता आली नाही. बोळे घालून गेलो आणि कांद्याच्या भावापासून निधनवार्तेपर्यंत सगळं परत म्हणून दाखवलं. साहेब हसले. जाताना एवढंच म्हणाले की घाटात गाडी हळू चालते, वारा नसतो, तिथे बोळे काढून ठेवत जा. मी मान डोलावली. पण बोळे काढायचे तर हेल्मेट काढावं लागतं, वायरी सोडवाव्या लागतात, आणि माझ्यासारख्या जाणत्या माणसाला साहेबांनी काय शिकवावं, असाही माज होता. मी एकदाही काढले नाहीत.

बोळ्यांनी एक गोष्ट होते, ती मात्र कोणी आधी सांगत नाही. बाहेरचं जग गेलं की आतलं सुरू होतं. स्वतःचा श्वास ऐकू येतो, गिळलेली थुंकी ऐकू येते, थंडीत दात एकमेकांना लागलेले ऐकू येतात. नाडी ऐकू येते. समोरून गुरं येतात, गळ्यातल्या घंटा हलतात, आवाज नाही. रस्त्याकडेला उभी माणसं तोंड उघडतात, मिटतात, आपल्याला काही सांगत असतात की आपसांत बोलत असतात ते कळत नाही. घाटात ढग उतरलेले असले की पांढऱ्यातून माणूस निघतो, हात हलवतो आणि पुन्हा पांढऱ्यात जातो. तो नंतर खरंच होता का, हे स्वतःला विचारावं लागतं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. माझ्या वडिलांनी घरातले देव्हारे, अंगारे, गंडेदोरे सगळं एकदाच बाहेर काढलं आणि आम्हाला पंचशील शिकवलं. आमच्या वस्तीत कोणाला झाडावरचं भूत धरत नव्हतं, ताप यायचा आणि गोळी घेतली की जायचा. त्यामुळे गंगारामदादांशी माझं पहिल्या दिवसापासून वाजलं.

गंगारामदादा ट्रेलरचे ड्रायव्हर. कुडपणच्या पठारावरचे, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे, अंगाने काटक. शंभर चाकं असती तरी त्यांनी ती सुईतून ओवून काढली असती, असा हात. पण सेटला भ्यायचे. न दिसणारं माणूस बोलतं, हेच त्यांना मान्य नव्हतं. त्यात पहिल्याच वर्षी दासगावच्या पुढे भर दुपारी दोघांच्याही सेटवर एका बाईचा आवाज आला. बाई काहीतरी मोजत होती. सावकाश, थकल्यासारखी, सतरापर्यंत जायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. मी तीन-चारदा विचारलं, कोण आहे. ती थांबली नाही. मागे वळून आलो तर ट्रेलर रस्त्याकडेला उभा, आणि दादा खाली उतरून झाडाखाली बसलेले. दोन तास त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी सेटचा आवाज हवेतून घसरत आला असणार, असं आमचा मेकॅनिक म्हणाला. असेलही. पण ती काय मोजत होती आणि सतराला का अडत होती, हे काही मेकॅनिकला सांगता आलं नाही.

त्यानंतर दादांनी अट घातली. त्यांच्याकडे डोंगरात माणूस दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, दुसऱ्या हाकेलाही देत नाहीत. "जित्या मानसाला तिसरी हाक मारता येते," ते म्हणाले. "दुसऱ्याला नाय येत." तेव्हा मी काहीही सांगितलं तरी तीनदा सांगायचं, तिसऱ्यांदा सांगितलं की ते ऐकणार. मी खूप हसलो, वादही घातला. मग लक्षात आलं की घाटात सेटचं बोलणं डोंगराआड गेलं की एकदा तुटतं, दोनदा तुटतं, तिसऱ्यांदा पोचतं. पद्धत वाईट नव्हती. आम्ही तीच धरली, आणि काही वर्षं तिने आम्हाला चांगलं सांभाळलं.

आता तो दिवस. गणपती होऊन गेले होते, पाऊस ओसरत आला होता, पण कशेडी घाटात ढग होते. आमच्या ट्रेलरवर खेडच्या बाजूला जाणारा मोठा ढोल होता. पोलादपूरकडून चढायचं होतं. आमच्यासाठी घाटाच्या दोन्ही टोकांना वाहनं अडवून धरली होती, त्यामुळे रस्त्यावर आम्ही दोघंच. सकाळचे अकरा वाजले असतील, तरी दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. गाडीचं इंजिन मला पायांना कळत होतं, कानांना नाही.

एक वळण असं आहे की रस्ता चढता चढता पुरता उलटा फिरतो. म्हणजे खालचा रस्ता आणि वरचा रस्ता एकमेकांच्या डोक्यावर येतात, मध्ये फक्त कारवीच्या झुडपांनी भरलेला उतार. ट्रेलर खालच्या रस्त्यावर होता, मी वळण घेऊन वर आलो. समोर रस्त्याच्या मधोमध हिरव्या गवताचा सुटलेला भारा पडला होता. आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच. गाडी बंद पडली, दरड आली की ड्रायव्हर लोक मागच्याला कळावं म्हणून झाडाच्या फांद्या, दगड, गवत रस्त्यात टाकतात. मी ब्रेक दाबला. भाऱ्याच्या डाव्या हाताला रस्त्याची कडा नव्हती. कठडा गेला होता आणि डांबराचा एक मोठा तुकडा खाली ओघळला होता. वळणातून बाहेर पडताना ट्रेलरची बाहेरची चाकं नेमकी तिथे आली असती. आणि एकदा ते धूड वळणात शिरलं की ना थांबवता येतं, ना मागे घेता येतं.

मी बटण दाबलं आणि म्हटलं, दादा, थांबा. पुन्हा दाबलं, दादा, थांबा. तिसऱ्यांदा दाबलं आणि अंगठ्याखाली काही झालंच नाही. कमरेकडे पाहिलं तर सेटचा हिरवा दिवा गेला होता. पावसात भिजून वायर निसटली होती. मी दोनदा बोललो होतो. दोन हाकांना गंगारामदादा थांबणार नाहीत, हे माझ्याइतकं जगात कोणालाच माहीत नव्हतं.

गाडी वळवून मी खाली पळालो. त्या पांढऱ्यात ट्रेलर कुठे आडवा येईल ते दिसत नव्हतं, ऐकू तर काहीच येत नव्हतं, फक्त माझी नाडी. आणि वळणाच्या तोंडाशी ट्रेलर उभा होता. थांबलेला. दादा केबिनमध्ये स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसले होते. हवेचे ब्रेक सुटू नयेत म्हणून इंजिन चालूच होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी खिडकीखाली जाऊन वर पाहिलं, तर त्यांनी वाकून माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "मिलिंदा, तिन्ही हाका तुझ्याच ना रे?"

तीन. मी दोनच मारल्या होत्या. बरोबर कळलं का म्हणून मी तीन बोटं वर केली, तर त्यांनीही तीन बोटं दाखवली.

आता खरं सांगायचं तर मी त्या क्षणी एकच विचार केला. खरं बोललो तर हा माणूस उतरून झाडाखाली जाऊन बसेल. वर रस्ता खचलेला, मागे उतार, मधे लाखमोलाचा ढोल, घाटाच्या दोन्ही टोकांना शेकडो गाड्या तटलेल्या. कानांत बोळे असलेला माणूस नेहमी ओरडूनच बोलतो. मी ओरडून सांगितलं, "हो दादा, तिन्ही हाका माझ्याच."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. नंतर आम्ही चाकांना दगड लावले, बंदोबस्ताचा हवालदार आला, वर जाऊन पाहिलं. मी खचलेल्या कडेपाशी उभा राहून खाली वाकलो. खाली ढग होता आणि कारवीचे शेंडे होते. गवताचा भारा मी ओढून कडेला नीट आडवा लावला, त्यावर दगड ठेवले, कोणा शहाण्या माणसाने खूण करून ठेवली म्हणून मनातल्या मनात त्याला धन्यवाद दिले. तासाभराने डोंगराच्या अंगाने, वीतभर जागा राखत, दादांनी ट्रेलर पार केला. मागून सगळी वाहनं सुटली आणि हॉर्न वाजवत आमच्या पाठोपाठ आली. संध्याकाळी खेडला माल पोचला. आमच्या दोघांचं कौतुक झालं.

त्या तिसऱ्या हाकेने मला पुढची पाच वर्षं सोडलं नाही. मी हिशेब करून पाहिले. माझं बटण अडकलं असेल, डोंगराचा प्रतिध्वनी असेल, दादांना भास झाला असेल. एकही उत्तर दोन दिवस टिकलं नाही. गंडेदोरे बाहेर फेकणाऱ्या बापाचा मुलगा मी, त्या वळणावर आलो की अंगावर काटा यायचा. आणि लाजिरवाणी गोष्ट ही की मी बोळे काढेनासा झालो. साध्या रस्त्यावर, बाजारातसुद्धा. काढले तर तीच हाक ऐकू येईल, अशी भीती मला वाटायची. दादा मात्र निवांत होते. तिन्ही हाका माझ्या होत्या, त्यांचा नेम पाळला गेला होता. माझ्या खोट्याने एक माणूस तरी सुखी आहे, असं मी स्वतःला समजावायचो.

दादा निवृत्त झाले आणि गावी गेले. मला जेवायला बोलावलं म्हणून एका रविवारी मी पठारावर गेलो. जेवण झालं, ओट्यावर बसलो. आता यांना ना ट्रेलर चालवायचा आहे ना घाट चढायचा आहे, असा विचार करून मी मन मोकळं केलं. सांगितलं की दादा, मी दोनच हाका मारल्या होत्या.

त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "पयली बाईमानसाची व्हती."

मी विचारलं, म्हणजे काय. ते म्हणाले की पहिली हाक सेटमधून आली असं त्यांना पक्कं वाटलंच नव्हतं. खिडकीतून, वरच्या अंगाने आली होती. बारीक. थांबा, एवढीच. मग माझ्या दोन आल्या, तीन झाल्या, त्यांनी ब्रेक दाबला. मनात खटकलं म्हणूनच त्यांनी मला विचारलं होतं. "तू पंचशील म्हननारा मानूस," ते म्हणाले, "खोटं बोलशील असं माज्या मनातच आलं नाय. नायतर मी उतरून बघितलं असतं रे."

मला पठारावरचा वारा एकदम ऐकू येऊ लागला. मी त्यांना गवताच्या भाऱ्याबद्दल सांगितलं. ड्रायव्हर लोक फांद्या टाकतात, दगड टाकतात. ओलं, नुकतं कापलेलं गवत दोरीने बांधून भारा करत नाहीत. भारा डोक्यावरून येतो.

पुढच्या रविवारी मी कशेडीच्या त्या वळणाखाली असलेल्या वाडीत गेलो. गाडी खाली ठेवली, हेल्मेट काढलं, बोळे काढून खिशात टाकले आणि चढून गेलो. पहिल्याच घराच्या माणसाला विचारलं की काही वर्षांपूर्वी वरच्या रस्त्याची कडा खचली तेव्हा कोणी पडलं होतं का. तो म्हणाला, आमची वहिनी. मग घर दाखवलं. मी एवढंच विचारलं की आहेत का. आहे की, तो म्हणाला.

मी दारात उभा राहून "कोणी आहे का घरात?" असं विचारलं. आतून पन्नाशीची एक बाई काठी टेकत आली. उजवा पाय आखूड होता. नाव सोनाबाई. तिने मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि मी काही विचारायच्या आधीच सांगू लागली. गवत कापून वर रस्त्यावर आली होती, भारा उतरवून कठड्याला टेकली, आणि कठड्यासकट खाली गेली. दोन पुरुष खोल, कारवीत अडकली. मांडीचं हाड मोडलं होतं. वर मोटारसायकल येऊन थांबल्याचं तिने ऐकलं. खाली ट्रेलर चढत होता तोही ऐकला. होतं नव्हतं ते बळ एकवटून तिने थांबा म्हणून हाक मारली. मोटारसायकलवाला दोनदा 'दादा, थांबा' असं ओरडला आणि निघून गेला. मग खालच्या रस्त्यावर ट्रेलर थांबला. तिला वाटलं, आता येतील. दम खाऊन दुसरी हाक मारायच्या बेतात होती.

"आन् खालून एक मानूस मोठ्यानं बोलला," ती म्हणाली. "तिन्ही हाका माझ्याच. मंग मी म्हटलं, आपली काय पोचली नाय. नंतर गाड्या सुरू झाल्या, हॉर्न सुरू झाले. मी गप ऱ्हायले." दिवस मावळताना तिचा दीर शोधत आला होता. पाय वेळेवर बसवता आला नाही.

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. जे खरं होतं तेच सांगितलं, की पहिली हाक तुमची होती. ती तुम्ही मारली नसती तर ट्रेलर थांबला नसता, ड्रायव्हर मेला असता. तुमच्या हाकेने तो वाचला, आणि तुम्हाला कोणी ओ दिली नाही. ते खालून बोलणारा माणूस मी.

सोनाबाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नीट पाहिलं.

"तुमचा आवाज मी दारातच वळखला," ती म्हणाली. "पयली हाक माजी व्हती, ते मला तवापास्नं ठावं हाय. तुमाला कवा कळलं?"

मी म्हणालो, मागच्या रविवारी.